खानदेशातील घर, खोली आणि पडदा : जळगाव-धुळे परिसरातील गृहवस्त्राचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

खानदेशच्या आर्थिक इतिहासात कापसाला मध्यवर्ती स्थान आहे. कापसाची लागवड, जिनिंग-प्रेसिंग, गिरण्या, कामगार चळवळ आणि रेल्वे यांवर बरेच लेखन झाले आहे. तथापि कापसाचे कापड झाल्यानंतर ते माणसाच्या अंगावर किती गेले आणि त्याच्या घरावर किती गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पागोटे, लुगडे, धोतर यांची दखल इतिहासकारांनी घेतली. दारावर आणि खिडकीवर टांगलेल्या कापडाची दखल घेण्याचे कारण त्यांना वाटले नाही. पडदा ही किरकोळ, हौसेची आणि बायकी बाब मानली गेली.

वस्तुतः कोणत्या खोलीला कोणता पडदा लावावा, हा आज प्रत्येक मध्यमवर्गीय घरात सहजपणे चर्चिला जाणारा विषय फार जुना नाही. तो प्रश्न उद्भवण्यासाठी आधी घरात खोल्या असाव्या लागतात, खोल्यांना खिडक्या असाव्या लागतात, आणि अंगावर नेसून उरेल इतके कापड घरात असावे लागते. तसेच ते निवडण्याचा अधिकार घरातील कोणाकडे तरी असावा लागतो. या चारही गोष्टी जळगाव-धुळे परिसरात निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या कारणांनी आल्या. प्रस्तुत लेखात त्यांचा मागोवा घेतला आहे. 'खानदेश' हा शब्द येथे प्रामुख्याने आजच्या जळगाव व धुळे जिल्ह्यांसाठी वापरला असून, ओघात नंदुरबार (जो १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता) आणि सुभ्याची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर यांचाही उल्लेख येईल.

शब्द आणि वस्तू

'पडदा' हा फारसी 'पर्दा' या शब्दापासून मराठीत आला. त्यापूर्वी संस्कृत नाट्यपरंपरेत 'यवनिका' आणि 'तिरस्करिणी' हे शब्द होते, परंतु ते रंगभूमीचे शब्द, घराचे नव्हेत. मराठी घरात पडद्यासारखे वापरले जाणारे खास आपले म्हणावे असे कापड एकच, ते म्हणजे लग्नातील अंतरपाट. वधू आणि वर यांच्यामध्ये मंगलाष्टके संपेपर्यंत धरलेले हे वस्त्र टांगलेले नसते, दोन माणसांनी हातात धरलेले असते. आणि ते दूर होण्यासाठीच धरलेले असते.

फारसी शब्दाबरोबर त्याचे एक गणगोत मराठीत आले. कनात, चिक, शामियाना, फरास हे त्यांपैकी काही. मराठेशाहीतील अठरा कारखान्यांत 'फरासखाना' हा स्वतंत्र विभाग होता. तंबू, राहुट्या, बिछायती आणि कनाती यांची व्यवस्था त्याच्याकडे असे. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. मराठी मुलुखात मोठ्या मापाचे पडदे प्रथम स्थिर घरासाठी नव्हते. ते लष्कराच्या आणि दरबाराच्या मुक्कामासाठी होते. छावणी उठली की पडदे गुंडाळले जात. गावातील घराला त्यांची गरज नव्हती, कारण तेथे भिंती होत्या. 'पडदी' हा मराठी शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्याचा अर्थ कापड नव्हे, तर खोली विभागणारी पातळ भिंत. फारसी पडद्याला मराठी घराने प्रथम मातीचे रूप दिले आणि कापडाचा पडदा त्यानंतर शे-दोनशे वर्षांनी स्वीकारला, असे म्हणता येईल.

तापीकाठचे कापड, परक्यांच्या खिडक्या

सतराव्या शतकात खानदेश सुभ्यातील बुऱ्हाणपूर हे भारतातील वस्त्रोद्योगाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक होते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने तेथील तलम, पारदर्शक कापडाचे वर्णन केले आहे. हे कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो आणि पार पोलंडपर्यंत जात असे. त्यातील काही रंगविलेले आणि फुलांच्या नक्षीचे असे, आणि ओढण्यांप्रमाणेच पलंगपोस म्हणूनही त्याचा वापर होई. बुऱ्हाणपूरहून सुरतेकडे जाणारा मार्ग आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतूनच जाई. सावदा, चोपडा, थाळनेर, नंदुरबार, नवापूर ही त्यावरील ठाणी होती. धरणगाव येथे इंग्रजांनी १६७४ मध्ये वखार घातली ती कापडासाठीच. पुढच्याच वर्षी मराठ्यांनी ती लुटली.

सुरतेच्या बंदरातून युरोपात गेलेल्या भारतीय छापील कापडाने तेथील घरांची रूपे पालटली. 'छीट' या देशी शब्दावरून इंग्रजीत 'चिंट्झ' आला आणि पलंगपोसाचा 'पॅलम्पोर' झाला. लंडनमधील शयनगृहांत पलंगाभोवतीचे पडदे, भिंतीवरील आच्छादने आणि खुर्च्यांची गवसण्या या कापडाच्या झाल्या. तेथील लोकर व रेशीम विणकरांचा रोष इतका वाढला की फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली आणि ब्रिटिश संसदेने १७२१ मध्ये कायदा करून असे कापड अंगावर वापरण्यास तर मनाई केलीच, शिवाय घरसजावटीसाठी वापरण्यासही केली. पडद्यासाठी कायदा करावा लागणे ही घटना विलक्षणच म्हटली पाहिजे.

ज्या कापडाच्या पडद्यांवरून युरोपात एवढे रणकंदन माजले, ते ज्या रस्त्याने गेले त्या रस्त्यावरील गावांत मात्र खिडकीला पडदा नव्हता. याचे कारण दारिद्र्य एवढेच नव्हते. येथील घराला खिडकीच नव्हती.

धाब्याचे घर

खानदेशातील परंपरागत घर धाब्याचे. लाकडी खांब व तुळया, त्यावर सरे, त्यावर काड्यांचा थर आणि वर पांढऱ्या मातीचे जाड सपाट छत. घराचे माप खोल्यांत सांगितले जात नसे, खणांत सांगितले जाई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. तीन खणांचे घर, पाच खणांचे घर. ओट्यावरून आत गेले की पडवी किंवा ढाळज, पुढे माजघर, त्याच्या कडेला स्वयंपाकाची जागा आणि धान्याच्या कोठ्या. माजघरात दिवसा धान्य निवडले जाई, दुपारी जेवणे होत, रात्री अंथरुणे पडत. जागेला नेमून दिलेले एकच एक काम नव्हते. त्यामुळे 'या खोलीला शोभेल असा पडदा' ही कल्पनाच तेथे असंभव होती.

उजेडासाठी भिंतीत उंचावर झरोका आणि छताला धूर जाण्यासाठी धारे किंवा गवाक्ष असे. शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकींना लागून असल्याने बाजूला खिडकी काढणे शक्य नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या मुलुखाने जी लुटालूट व अराजक पाहिले, त्याचाही परिणाम घराच्या रचनेवर झाला. बाहेरची भिंत आंधळी ठेवणे शहाणपणाचे होते. शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या प्रदेशात जाड मातीची भिंत आणि लहान झरोका हाच उन्हावरचा उत्तम इलाज होता. आज जळगावच्या सिमेंटच्या सदनिकेत जाड पडद्याकडून जे काम अपेक्षिले जाते, ते तेथे दीड-दोन हात जाडीची भिंत करीत असे, आणि निर्विवादपणे अधिक चांगले करीत असे.

तरीही या घरात कापड टांगले जाई, मात्र प्रसंगाने. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला घोंगडी, वाकळ किंवा जाड पासोडी लावली जाई. वारा लागू नये, दृष्ट लागू नये आणि सोयर पाळले जावे अशी तिहेरी कामगिरी त्या एका कापडाकडे असे. देवाला नैवेद्य दाखविताना देवापुढे वस्त्र धरले जाई. वैष्णव परंपरेच्या मंदिरांत तर दर्शनाच्या वेळा पडद्याच्या उघडझापीवर ठरत. प्रतिष्ठित कुळांतील स्त्रिया प्रवासाला निघत तेव्हा दमणीला पुढून-मागून कापड बांधले जाई. सातपुड्यातील भिल्ल व पावरा वस्त्यांत घराची भिंतच मुळी बांबूच्या किंवा काड्यांच्या कुडाची असे आणि दाराला विणलेली ताटी असे. पठारावरील गरीब शेतमजुराच्या घरातही तुराट्यांचा आणि कापसाच्या पऱ्हाट्यांचा कुड आढळे. कापसाच्या झाडाचा आडोसा म्हणून खानदेशात पहिला उपयोग झाला तो त्याच्या बोंडाचा नव्हे, काटकीचा.

बंगला, वाळा आणि खिडकी

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे निवडले. त्या वेळी धुळ्याची वस्ती अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. ब्रिग्जने सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली, घरांसाठी जागा करमुक्त दिल्या आणि पक्की घरे बांधण्यासाठी लोकांना उचल दिली. धुळ्याच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्यांना या आखणीची पार्श्वभूमी आहे. रस्ता रुंद आणि सरळ झाल्यावर घराचा दर्शनी भाग महत्त्वाचा झाला. त्यावर माडी आली, माडीला गॅलरी आली आणि खिडक्या आल्या.

दरम्यान साहेबाचा बंगला ही एक वेगळीच वस्तू गावाबाहेर उभी राहिली होती. चहूबाजूंनी व्हरांडा, प्रत्येक खोलीला दोन-तीन दारे आणि प्रत्येक खोलीचे काम ठरलेले. येथेच प्रथम दिवाणखाना, जेवणघर, निजण्याची खोली यांना वेगवेगळे पडदे लागले. परंतु खानदेशच्या उन्हाळ्यापुढे विलायती पडद्याचे काही चालले नाही. साहेबाला अखेरीस वाळ्याच्या ताट्यांकडे वळावे लागले. ही युक्ती मोगल दरबारातून आलेली; अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त तिचा उल्लेख केला आहे. दाराच्या मापाच्या बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळे बसवायची आणि पश्चिमेच्या झळांकडे तोंड करून ती दिवसभर भिजत ठेवायची. फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचे 'द कम्प्लीट इंडियन हाउसकीपर अँड कुक' हे मडमांसाठीचे प्रसिद्ध मार्गदर्शक १८८८ मध्ये निघाले. हिंदुस्थानातील उन्हाळ्यात घर कसे मिटून घ्यावे आणि कसे उघडावे, याचा त्यात सविस्तर विचार आहे. अशी पुस्तके ताटीवर पाणी मारण्यासाठी माणूस गृहीत धरून चालतात. बंगल्यातील गारवा वाळ्याइतकाच त्या माणसाच्या मजुरीवर अवलंबून होता, हे नमूद करणे आवश्यक आहे.

देशी वस्तीत खिडकीचा प्रसार होण्यास आणखी एक कारण घडले. १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेग पसरला आणि खानदेशही त्यातून सुटला नाही. कोंदट, काळोखे घर म्हणजे रोगाचे घर हा विचार सरकारी पत्रके, डॉक्टर आणि वृत्तपत्रे यांनी सुशिक्षितांच्या मनावर ठसविला. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या घरांत हवा-उजेडासाठी मोठ्या खिडक्या ठेवण्याकडे कल वाढला. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगाव हे पूर्व खानदेशचे ठाणे झाले. वकील, कारकून, शिक्षक, डॉक्टर यांचा नवा वर्ग तेथे वाढला आणि त्यांच्यासाठी नव्या पेठांत घरे उभी राहिली. खिडकीने उजेड आत आणला तसा रस्त्यावरचा डोळाही आत आणला. आंधळ्या भिंतीने जे शतकानुशतके झाकले होते ते एकाएकी उघडे पडले. खिडकीच्या खालच्या निम्म्या भागाला लावलेला अर्धा पडदा हा या पेचावर काढलेला तोडगा होय. बसलेल्या माणसाचे डोके झाकले जावे आणि वरून हवा यावी, असे त्याचे माप. हा अर्धा पडदा खानदेशातील जुन्या घरांत अनेक दशके टिकून राहिला. त्यातील साधी अक्कल पुढच्या काळातील छतापासून जमिनीपर्यंत लोळणाऱ्या पडद्यांत आढळत नाही.

गिरणी आणि एका खोलीचे घर

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) खानदेशच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोचली. गुजराती व मारवाडी व्यापारी स्थिरावले. मुंबईचे कापड व्यापारी मूळजी जेठा यांच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात जळगावला खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांनी प्रताप मिल काढली. धुळे आणि चाळीसगाव येथेही गिरण्या निघाल्या. खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस जाड सुतासाठी योग्य होता, त्यामुळे येथे प्राधान्याने जाडेभरडे कापड निघे.

गिरणीबरोबर चाळ आली. कामगाराच्या वाट्याला आलेले घर म्हणजे बहुधा एक खोली. या एका खोलीत चूल, मोरी, म्हातारे आईवडील, नवविवाहित मुलगा आणि लहान मुले यांची व्यवस्था लावायची होती. गावाकडील धाब्याच्या घरात निदान खण तरी होते. येथे भिंत घालण्यास जागा नव्हती आणि घालण्याचा हक्कही नव्हता, कारण खोली भाड्याची. तेव्हा दोन भिंतींना खिळे ठोकून तार ओढायची आणि तिच्यावर कापड टाकायचे, हा एकच मार्ग उरला. मोरीसमोर एक, निजण्याच्या कोपऱ्यासमोर दुसरे. सुखवस्तू घरात पडदा खोलीला शोभा आणीत होता. चाळीत पडदाच खोली निर्माण करीत होता. दिवसा तो तारेवर एका बाजूला सारला की खोली नाहीशी होई आणि रात्री ओढला की पुन्हा अवतरे. मानवी खाजगीपणाची इतकी स्वस्त आणि इतकी नाजूक तजवीज दुसरी नसेल. त्या पडद्याआडून आवाज अडत नव्हता. तरी पलीकडच्यांनी तो अडतो असे मानायचे, असा अलिखित करार त्या घरांत होता.

हे कापड बहुधा जुने लुगडे असे. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट लांबीचे वस्त्र. सात फुटी दारासाठी त्याचे तीन तुकडे होतात आणि वर सहा फूट उरते. पाचवारी पातळ सुमारे अठरा फुटांचे. त्यात दोन दारे आणि एक लहान खिडकी भागते. पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास असल्याने दाराच्या रुंदीला जोड द्यावा लागत नाही. काठ बाजूला येतो आणि पडद्याला आपोआप किनार मिळते. शिलाई फक्त वरच्या नेफ्याची. अर्थात जुन्या लुगड्याला घरात दुसरी मागणीही असे, ती गोधडीची. थंडीच्या तोंडावर पडदा उतरून गोधडीत जाई आणि उन्हाळ्यापर्यंत दुसरे लुगडे विरत येई. लुगडे, पडदा, गोधडी आणि शेवटी पोतेरे असा वस्त्राचा आयुष्यक्रम घराघरांत ठरलेला होता. जी माणसे दिवसाकाठी वारांवर वार कापड विणीत होती, त्यांच्या घरात पडद्यासाठी विकत आणलेले कापड नव्हते, ही बाब गिरणीच्या ताळेबंदात दिसत नाही.

रंग, खादी आणि टंचाई

गिरणी येण्यापूर्वी खानदेशात रंगाऱ्यांचा मोठा व्यवसाय होता. यावल तालुक्यातील फैजपूर हे छापील सुती कापडासाठी आणि गडद निळ्या व तांबड्या रंगांसाठी ख्यातनाम होते. निळीचा निळा आणि आलीच्या मुळीचा तांबडा हे येथले खात्रीचे रंग. उन्हाला आणि धुण्याला टिकणारे. १८६९ मध्ये युरोपात अलिझरीन हा तांबडा रंग कृत्रिमरीत्या तयार झाला आणि १८९७ पासून कृत्रिम निळीची व्यापारी विक्री सुरू झाली. त्यानंतर या व्यवसायाचा आधार ढासळत गेला. उन्हात टिकणे हा पडद्याच्या कापडाचा पहिला गुण. तो ज्या रंगांत होता ते रंग, घराघरांत खिडक्या येण्याच्या नेमक्या त्याच सुमारास बाजारातून हटले, हा योगायोग दुर्दैवी म्हणावा लागेल.

याच फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. सजावटीचे काम चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे होते आणि त्यांनी बांबू, चटया, खादी अशा स्थानिक साहित्यातून नगर सजविले. साधे कापड आणि काडीची चटई यांतून भारदस्त वास्तू उभी राहू शकते, हे खानदेशातील हजारो लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. दिवाणखान्यातील खादीचा पडदा ही राष्ट्रीय वृत्तीच्या सुशिक्षित घराची खूण ठरली. ती खूण सोयीची मात्र नव्हती. खादीचा पन्हा लहान, त्यामुळे खिडकीला जोड द्यावा लागे. पहिल्या धुण्यात ती आटे आणि खिडकीचा खालचा भाग उघडा पडे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची भीषण टंचाई झाली. १९४३ मध्ये सरकारने कापड व सूत यांवर नियंत्रण आणले. अंगावरच्या कापडासाठी रांगा लागत असताना पडद्याची गोष्टच निघत नव्हती. या वर्षांत घरात जे पडदे होते त्यांचे झबली आणि परकर झाले.

खोलीनुसार निवड

१९५० नंतर चित्र पालटू लागले. भुसावळची रेल्वे वसाहत, सरकारी कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, पुढे शिक्षक व बँक कर्मचाऱ्यांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था यांतून एकसारख्या आराखड्याची घरे वाढली. 'हॉल', 'किचन', 'बेडरूम' हे शब्द मराठीत रुळले. खणांचे घर मागे पडून कामावरून नाव पडलेल्या खोल्यांचे घर आले, आणि त्याबरोबरच कोणत्या खोलीला कोणता पडदा हा प्रश्न प्रथमच खानदेशातील सामान्य कुटुंबासमोर उभा राहिला.

या प्रश्नाची उत्तरे देण्यासाठी शास्त्रही उपलब्ध होत होते. दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज (१९३२), बडोदा विद्यापीठाची गृहविज्ञान शाखा आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ यांच्या अभ्यासक्रमांतून गृहव्यवस्थापन हा विषय आला. १९३० मध्ये सुरू झालेल्या 'स्त्री' मासिकाने मध्यमवर्गीय मराठी स्त्रीला वाचनाबरोबर घराकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली. लहान खोलीला फिका रंग, उभ्या पट्ट्यांनी उंचीचा भास, पश्चिमेच्या खिडकीला अस्तर, स्वयंपाकघरात आखूड व धुण्यास सोपे कापड असे नियम पाठ्यपुस्तकांतून शिकविले जाऊ लागले. हे नियम बव्हंशी थंड देशांच्या घरांवरून बेतलेले होते. तेथे पडदा ऊब आत कोंडण्यासाठी असतो. जळगावात ऊन बाहेर रोखून वारा आत घ्यायचा असतो, आणि जाड पडदा ऊन अडविताना वाराही अडवितो. गृहिणींनी यातून मार्ग काढला तो अनुभवाने. दुपारी पडदा ओला करून सोडणे, संध्याकाळी तो पुरता गुंडाळून वर खोचणे, उन्हाळ्यात गडद आणि पावसाळ्यात लवकर वाळणारे पातळ कापड लावणे, हे कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते.

कापडाचा हिशेबही गृहिणीच करू लागली. चार फूट रुंद खिडकीला चुण्या नीट पडण्यासाठी दुप्पट कापड हवे, म्हणजे अठ्ठेचाळीस इंची पन्ह्याचे दोन तुकडे. उंची चार फूट असली तरी वरचा नेफा आणि खालची दुमड धरून पाच फूट घ्यायचे. आटण्यासाठी वेगळे. धुळ्याच्या आग्रा रोडवरील किंवा जळगावच्या फुले मार्केटमधील दुकानात हा हिशेब बोटांवर करीत उभी असलेली स्त्री, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती आहे. गोषाच्या काळात पडदा तिच्यासाठी इतरांनी लावला होता. तो कोणत्या दाराला असावा, केव्हा उघडावा, हे घरातील वडीलधारे ठरवीत. आता रंग तिचा, कापड तिचे आणि ओढण्याची दोरीही तिच्या हाती. घर पुरुषाच्या नावावर, कर्ज त्याच्या पगारावर, फर्निचर बहुधा त्याच्या निर्णयाने. अशा स्थितीत पडदा ही घरातील पहिली मोठी, डोळ्यांत भरणारी वस्तू होती जिची निवड निर्विवादपणे तिने केली. हे स्वातंत्र्य लहान होते. परंतु त्याची वासलात 'हौस' या एका शब्दात लावणे अन्यायाचे होईल.

१९६० ते १९८० या काळात पडद्यांच्या तऱ्हा वाढल्या. केसमेंट कापड, हातमागाचे पट्ट्यांचे कापड, सोलापुरी चादरीचा दारासाठी होणारा उपयोग, स्प्रिंगच्या तारेवरील जाळीदार पडदा, दोऱ्याच्या विणकामाची झालर, काचेच्या नळ्यांचे आणि मण्यांचे पडदे. मण्यांच्या पडद्याने ऊन, वारा, धूळ, दृष्टी यांपैकी काहीही अडत नसे. तो फक्त वाजत असे, आणि माजघरातील सासूला कोण आले-गेले ते कळत असे. टेरीकॉट व पॉलिएस्टर आले तसे सुती पडदे मागे पडले. न आटणारे, न विटणारे, इस्त्री न लागणारे हे कापड नोकरी करणाऱ्या स्त्रीला मानवले. मात्र स्वयंपाकघरात ते धोक्याचे ठरले. स्टोव्ह आणि नंतर गॅस यांच्याजवळील खिडकीला सुती आखूड पडदाच हवा, हा नियम जुना असला तरी त्याला खरे महत्त्व कृत्रिम धाग्याने आणले, कारण पेट घेतल्यावर ते कापड वितळून अंगाला चिकटते.

विजेच्या कूलरने आणखी एक उलथापालथ केली. जळगाव-भुसावळ पट्ट्यात कूलर घराच्या खिडकीतच बसतो. वर्षातील चार महिने ती खिडकी, आणि म्हणून तिचा पडदाही, निकामी होतो. कूलरच्या तिन्ही बाजूंना असतात लाकडाच्या भुशाच्या किंवा वाळ्याच्या ताट्या, आणि वरून ठिबकणारे पाणी. बंगल्यातील साहेबाची ताटी अशा रीतीने शंभर वर्षांनी चाळीपर्यंत पोचली. पाणी मारणाऱ्या माणसाची जागा अर्ध्या अश्वशक्तीहूनही लहान पंपाने घेतली.

पुन्हा तापीकाठचा मार्ग

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खानदेशातील जुन्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. जळगावच्या खानदेश मिलच्या जागेवर आता व्यापारी संकुल आहे. गिरणी कामगारांची मुले आणि कोरडवाहू शेतीवर न भागणारी कुटुंबे मोठ्या संख्येने सुरतेकडे गेली. तेथील उधना, लिंबायत या भागांत खानदेशी वस्ती इतकी दाट आहे की रस्त्यावर अहिराणी सहज ऐकू येते. यंत्रमाग, रंगाई व छपाईचे कारखाने यांत ही माणसे काम करतात, आणि एका खोलीच्या भाड्याच्या घरात राहतात. तेथेही तार असते आणि तारेवर कापड असते. आता ते बहुधा नायलॉनच्या साडीचे असते.

सुरतेच्या या कारखान्यांतून निघणारे कृत्रिम धाग्याचे कापड ट्रकने आणि रेल्वेने नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या मार्गाने खानदेशात येते. सतराव्या शतकात बुऱ्हाणपूरचे छापील कापड ज्या खोऱ्यातून पश्चिमेला जाई, त्याच खोऱ्यातून आज ते पूर्वेला येते. उधना-जळगाव लोहमार्गाचे दुहेरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झाले. जळगावच्या दुकानात सात फुटी आणि नऊ फुटी तयार पडदे, वर धातूच्या कड्या ठोकलेले, पारदर्शक पिशवीत घडी घालून ठेवलेले असतात. 'हॉल'साठी आणि 'बेडरूम'साठी अशा वेगळ्या थप्प्या असतात. दिवाळीच्या आधी सुरतेहून गावी परतणाऱ्या कामगाराच्या सामानात त्यांतीलच एखादी जोडी असते. ती कारखान्यातून किरकोळ दोषामुळे बाजूला काढलेल्या मालातून, कमी भावात घेतलेली असते. गावातील धाब्याच्या घराला अजून खिडकी नसली तर ती जोडी दाराला लागते.